बैठकीची न्याहारी

मंडळी, आज एका पत्राची गोष्ट सांगतो. पत्र चारच ओळींचं होतं. शाळेच्या वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं होतं :

"रविवारी सकाळी ८ वाजता तळ्याच्या गाळाबद्दल बैठक आहे. खालच्या गावच्या मंडळींनी जरूर यावे. न्याहारी इथेच करावी. आपली, सरपंच."

हे पत्र आमच्या गावी आलं ते सन २०१७ च्या एप्रिल महिन्यात. मी त्याच्या आदल्या वर्षीच शाळेतून निवृत्त झालो होतो. गावात कुणाचा कागद आला की वाचायला माझ्याकडं येई. मी तो चावडीपुढं मोठ्यानं वाचला. 'न्याहारी' हा शब्द आला आणि सगळे एकमेकांकडं बघू लागले.

आमचे आण्णा म्हणाले, "न्याहारी? आन् ती बी त्यांच्याकडनं? गुरुजी, परत एकदा वाचा बरं."

मी परत वाचलं. तेच होतं.

आता आण्णांना नवल का वाटलं, ते सांगायला हवं. आमचा मुलूख सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा. माण तालुका. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि आमच्याकडं नुसता वारा येतो. पाऊस थोडा, त्यामुळं पाण्यावरून भांडणं फार. आमचं गाव ओढ्याच्या खालच्या अंगाला. पत्र धाडणारं गाव वरच्या अंगाला. मध्ये चार किलोमीटरची वाट. २०१२–१३ च्या दुष्काळात टँकर आधी कुणाच्या गावात यायचा, यावरून दोन्ही गावांची जुंपली. शिव्या झाल्या. एकाचं डोकं फुटलं. तेव्हापासून जत्रेलाही कुणी कुणाकडं गेलं नाही. लेकी दिल्या होत्या, त्यासुद्धा माहेरी जायला कचरत.

आणि तळं तर दोघांचं. ते आहे वरच्या गावाच्या शिवारात, पण त्याचं पाणी आमच्या विहिरींना. हे पाझर तळं आहे. पाझर तळ्याला कालवा नसतो. पाणी तळ्यात थांबतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि खालच्या बाजूच्या विहिरींना पाझर फुटतो. हे तळं १९७२ च्या दुष्काळी कामावर झालं. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. माझी आई त्या बांधावर मातीची पाटी वाहत होती. दुपारी कामावर सुकडी मिळे. आई आपल्या वाट्याची निम्मी सुकडी पदरात बांधून आमच्यासाठी घरी आणी. त्या सुकडीची चव अजून माझ्या जिभेवर आहे. असो.

इतक्या वर्षांत तळ्यात गाळ भरला. गाळ म्हणजे पाण्याबरोबर वाहून आलेली बारीक माती. ती तळाशी बसते, तिचा थर चिकट होतो आणि पाणी मुरायचं थांबतं. तळं दिसायला भरलेलं, पण खालची विहीर कोरडी. जागा कमी झाली म्हणून पाणीही थोडं, आणि जे होतं ते उन्हानं उडून जाई. गाळ काढायला हवा, हे दोन्ही गावांना कळत होतं. पण मशीनच्या डिझेलचे पैसे कुणी द्यायचे? गाळ कुणाच्या शेतात टाकायचा? हलक्या माळरानाला हा गाळ टाकला तर जमीन सुधारते, म्हणून तो सगळ्यांनाच हवा होता.

आमच्या गावानं ठरवलं की जायचं. आपलं म्हणणं सांगायचं आणि उठून यायचं. आण्णांनी तर बजावलं, "त्यांच्या घरचं पाणीसुदिक प्यायचं न्हाय."

रविवारी आम्ही सव्वीस जण पहाटेच निघालो. कुणी चहा घेतला होता, कुणी नाही. आण्णा तर काहीच न खाता निघाले होते. त्यांना मधुमेहाची गोळी चालू आहे. मी म्हणालो, "आण्णा, गोळी घेऊन उपाशी चालू नये, घेरी येईल." ते म्हणाले, "बैठक संपली की खाईन."

वरच्या गावात पोचलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. शाळेपुढच्या लिंबाखाली सडा घातला होता. जाजम अंथरलं होतं. हातपाय धुवायला घंगाळात पाणी आणि तांब्या ठेवला होता. आम्ही दबकतच उभे राहिलो. तेवढ्यात त्यांचे थोरले आबा पुढं झाले. वय ऐंशीच्या घरात, हातात काठी. त्यांनी स्वतः गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आण्णांपुढं धरला.

"या पाव्हणं. लई दिसांनी आलासा."

आण्णा तांब्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता इथंच मोडणार. पण कपाळाला घाम आलेला, पाय थरथरत होते. आबांनी ते ओळखलं. ते म्हणाले, "आण्णा, आदी पोटाला घ्या. मग दोघं मिळून भांडूया. उपाशी मानसाला भांडायला जोर तरी कुठनं यील?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. आण्णांनी गूळ तोंडात टाकला आणि तांब्या रिकामा केला.

मग पंगत बसली. काय सांगू तुम्हाला त्या न्याहारीचं! ज्वारीच्या गरम भाकऱ्या. मटकीची आमटी, तिच्यावर लाल तर्री. पिठलं. हिरव्या मिरचीचा खरडा. शेंगदाण्याची चटणी आणि वर तेलाची धार. बुक्कीनं फोडलेला कांदा. ताक. शेवटी गुळाची लापशी. दुष्काळी गावात, एप्रिल महिन्यात, ताक वाढणं ही लहान गोष्ट नाही. ज्याच्याकडं जनावर आहे तोच जाणतो. वाढणारी पोरं "घ्या गुरुजी, अजून अर्धी घ्या" म्हणत होती. आण्णांनी चार भाकऱ्या खाल्ल्या. मी मोजल्या.

पंगत एकच होती. आमची आणि त्यांची माणसं आळीपाळीनं बसवली होती, म्हणजे एक त्यांचा, एक आमचा. ही युक्ती आबांची. शेजारी बसलेल्या माणसाला "खरडा इकडं द्या" असं म्हणावंच लागतं. पाच वर्षांत जे एकमेकांशी बोलले नव्हते, ते खरड्यासाठी बोलले.

एक जाती एक पंगत, असंही तिथं नव्हतं. तुम्ही तरुण असाल तर यात काय विशेष, असं म्हणाल. माझ्या लहानपणी मी एका गावची बैठक पाहिली आहे. गावाचं नाव सांगत नाही. सगळ्यांना चहा दिला, पण चार माणसांच्या कपबश्या वळचणीला वेगळ्या ठेवलेल्या होत्या. त्यांनी त्या स्वतः उतरवल्या, लांब बसून चहा घेतला, धुतल्या आणि परत तिथंच ठेवल्या. काम मात्र त्यांच्याच अंगावर सोपवलं. तो चहा स्वागताचा नव्हता, अपमानाचा होता. आमच्याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एकत्र जेवत. १९२७ साली महात्मा गांधी ते बघायला आले होते. त्या मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. एकत्र पंगत अशी कुणाच्या तरी त्यागातून आली आहे.

पंगतीची आणखी एक तऱ्हा आहे, तीही सांगून ठेवतो. एके ठिकाणी मी अशी सभा पाहिली की लोकांच्या एका हातात पोह्यांची बशी आणि दुसऱ्या हातात हजेरीची वही. "खाता खाता सही करा" म्हणे. लोकांनी केल्या. वर ठराव काय लिहिला, ते कुणी वाचलं नाही. चार दिवसांनी कळलं की गावच्या गायरानाबद्दल काही भलतंच मंजूर झालं आहे. ग्रामसभेला एकूण मतदारांतले शेकडा १५ किंवा १०० जण, यांत जो आकडा कमी तेवढे हजर लागतात. गावात ६०० मतदार असतील तर ९० जण हवेत. १००० असतील तर शंभर पुरे. ही संख्या भरावी म्हणून कुणी खाऊ घालत असेल, तर खा बापडे, पण बशी खाली ठेवा, हात पुसा आणि सहीच्या वरची प्रत्येक ओळ वाचा. वाचता येत नाही असं आता तुम्हाला म्हणता येणार नाही. अक्षर लागलं नाही तर "मोठ्यानं वाचून दाखवा" म्हणा. तो तुमचा हक्क आहे.

वरच्या गावात तसं नव्हतं. शेवटचं ताट उचलेपर्यंत आबांनी वही पिशवीतून काढली नाही.

आता मूळ गोष्टीकडं येतो. हात धुताना माझ्या मनात हिशेब चालू झाला. मास्तरची खोड, जात नाही. पंगतीला पंचावन्न माणसं. सरासरी अडीच भाकऱ्या धरल्या तर साधारण १४० भाकऱ्या. एका किलो पिठात दहा भाकऱ्या होतात, म्हणजे १४ किलो पीठ. एका भाकरीला थापून भाजायला तीन मिनिटं. १४० भाकऱ्यांना ४२० मिनिटं, म्हणजे सात तास. तीन चुली असल्या तरी दोन तासांवर वीस मिनिटं नुसत्या भाकऱ्यांना. शिवाय आमटी, पिठलं, लापशी. मग हे केलं कुणी? लिंबाखाली तर सगळे पुरुषच दिसत होते.

मी शाळेच्या मागं गेलो. तिथं तीन दगडांच्या तीन चुली मांडल्या होत्या. आठ-नऊ बाया होत्या. धुरानं डोळे लाल, कोपरापर्यंत पीठ. मी म्हणालो, "बायांनो, न्याहारी फार झकास झाली. किती वाजता उठलात?"

एक म्हातारी म्हणाली, "कोंबडं आरडायच्या आदी, गुरुजी."

"तुम्ही खाल्लं का?"

"आमचं काय, उरलं की खाऊ." टोपल्यात बघितलं. सहा भाकऱ्या उरल्या होत्या.

मग मी विचारलं, "तुमच्या सरपंचबाई कुठं आहेत? पत्रावर त्यांची सही होती. दिसल्या नाहीत."

बाया गप्प झाल्या. मधल्या चुलीपाशी बसलेल्या बाईनं मान वर केली आणि हातातली भाकरी तव्यावर टाकली. ती म्हणाली, "म्याच की."

मंडळी, मला काय बोलावं सुचेना. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. पत्र तिच्या नावानं, बैठक तिच्या नावानं, आणि ती चुलीपुढं! मी चिडून बोललोही असेन. ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, पाव्हणं येणार. पाच वरसांनी येणार. भाकरी कच्ची ऱ्हायली तर गावाचं नाव जाईल. म्हनून म्या सोता बसले. पर एक सांगा. गाळ कुठं टाकायचा ठरतंय?"

मी सांगितलं, "लिंबाखाली काठीनं नकाशा काढला आहे. तळ्याच्या उगवतीला ढीग टाकायचा म्हणतात. तिथून ट्रॉल्या न्यायला सोपं."

हे ऐकल्याबरोबर सगळ्या बाया एकदम बोलू लागल्या. उगवतीच्या बाजूनं तर पाणवठ्याची वाट! बांधाखाली जी विहीर आहे, तिच्यावर दोन्ही गावांच्या बाया उन्हाळ्यात हंडे भरतात. तिथं गाळाचा ढीग पडला तर वाट बंद. मग डोक्यावर हंडा घेऊन खडकातून फेरा मारायचा. त्यात पाऊस आला की सगळा चिखल विहिरीत. लिंबाखाली बसलेल्या पंचावन्न माणसांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही. हंडा कधी डोक्यावर घेतला नाही, तर ध्यानात कसं येणार?

मी सरपंचबाईंना म्हणालो, "हे तुम्ही येऊन सांगा. मी सांगितलं तर ते माझं होईल."

ती हात न धुताच उठली. मागोमाग बाकीच्याही आल्या. लिंबाखाली गडबड झाली. आमच्याकडचाच एक जण कुरकुरला, "बैठकीत बायामानसं कशाला?" त्याला आण्णांनी गप्प केलं. हे मात्र मला खरंच अपेक्षित नव्हतं. आण्णा म्हणाले, "जिच्या हातची भाकरी खाल्ली, तिचं दोन शब्द ऐकायला काय हुतंय?"

सरपंचबाईंनी काठी घेतली आणि नकाशावर एक रेघ ओढली. पिठाच्या हातांनी काठीवर पांढरे ठसे उमटले. "ही आमची वाट. हितं आमी वरच्या गावच्या चढतो, हितं खालच्या गावच्या. गाळ मावळतीला टाका. तिकडं माळ हाय, लांब पडंल, पर विहीर वाचंल." एवढंच बोलली. आबांनी मान खाली घातली होती. ते म्हणाले, "चुकलं. तुला आदीच बोलवाया पायजे हुतं." मग त्यांनी पोरांना सांगून बायांसाठी ताटं लावायला सांगितली. पण आमटी संपली होती. खरडा, ताक आणि भाकरीचे चतकोर तुकडे, यावरच त्यांनी भागवलं. याची मला अजूनही चुटपुट लागते.

गाळ मावळतीला टाकायचं ठरलं. वही निघाली, ठराव मोठ्यानं वाचला गेला, सह्या झाल्या. तीन बायांनी अंगठा न उठवता सही केली. त्यातली एक सही मी जपून बघितली. 'ल' उलटा काढला होता, पण सही स्वतःची होती.

सगळंच त्या दिवशी मिटलं असं समजू नका. डिझेलवरून बारा वाजेपर्यंत वाद झाला. ते म्हणत निम्मं निम्मं. आम्ही म्हणत होतो, तळं तुमच्या शिवारात आहे, तुम्ही जास्त द्या. आवाजही चढले. पण उठून कुणी गेलं नाही. ज्याच्या ताटातली चटणी आपण घेतली, त्याच्या अंगावर धावून जायला जरा जड जातं. शेवटी पुढची बैठक आमच्या गावात आठ दिवसांनी घ्यायची, असं ठरवून उठलो.

आता न्याहारीची पाळी आमच्यावर. चावडीवर मी अट घातली की बाया बैठकीला बसतील, न्याहारी पुरुष करतील. भाकरी थापणं आमच्या हातचं नव्हतं, म्हणून पोहे ठरले. माणशी १०० ग्रॅम धरून साठ माणसांना सहा किलो पोहे. दोन किलो कांदे मी चिरले. डोळ्यांतून जी धार लागली, ती आई गेली तेव्हाही लागली नव्हती, असं आण्णा चेष्टेनं म्हणाले. आण्णांनी पोहे भिजवले आणि पाणी निथळायचं विसरले. त्यामुळं पोह्यांचा लगदा झाला. वर मीठ दोघांनी दोनदा टाकलं. पाहुण्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. सरपंचबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या. बशी संपवून म्हणाल्या, "गुरुजी, पोहं ग्वाड लागलं." मी ओळखलं की ही बाई राजकारणात टिकेल.

त्या बैठकीत डिझेलचा सौदा जमला. ज्याच्या शेतात गाळ जाईल त्यानं आपल्या ट्रॉलीचं डिझेल भरायचं. मशीनच्या डिझेलचे पैसे दोन्ही गावांनी निम्मे निम्मे द्यायचे. पोह्यांचा खर्चही आम्ही वहीत लिहिला आणि वाचून दाखवला. कुणी किती पोहे दिले, कुणी तेल दिलं, सगळं.

मे महिन्यात तीन आठवडे काम चाललं. आमच्या शाळेतली मुलं बांधावर बसून ट्रॉल्या मोजत. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास गाळ मावतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेवढी जागा रिकामी झाली की तिथं सुमारे २,८३० लिटर पाणी राहतं. ट्रॉल्या झाल्या ६४०. तुम्ही पाटीवर गुणाकार करून बघा. अठरा लाख लिटरच्या वर आकडा येतो. आणि ही फक्त एका वेळची जागा झाली. पाऊस दोनदा आला तर तळं दोनदा भरतं, दोनदा मुरतं.

पाणवठ्याची वाट तशीच राहिली. माझी सून त्याच वाटेनं जाते.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात वरच्या गावचं पत्र पुन्हा आलं. उरलेल्या गाळाची बैठक होती. या वेळी अक्षर वेगळं होतं. जरा वाकडं, पण ठळक. सरपंचबाईंनी ते स्वतः लिहिलं होतं. मी चावडीवर वाचलं :

"रविवारी सकाळी ८ वाजता बैठक आहे. दोन्ही गावच्या बाया व पुरुष यांनी यावे. भाकरी ज्याने त्याने घरून आणावी. कालवण आमच्याकडे आहे."